काचपट्टीवरची पांढरी भोकं

यकृताच्या बायोप्सीची स्लाइड पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काप फाटला आहे. गुलाबी पेशींची सलग वीण असायला हवी तिथे पांढरी गोल भोकं पसरलेली, तळलेल्या अनारशाच्या जाळीसारखी. काही भोकं इतकी मोठी की पेशीचं निळं केंद्रक कडेला चेपून अंगठीच्या खड्यासारखं बसलेलं. काप फाटलेला नसतो. त्या भोकांत चरबी होती, आणि ती प्रयोगशाळेत आपणच धुऊन टाकलेली असते.

कशी, ते सांगायला हवं. बायोप्सीचा तुकडा आधी दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये मुरतो. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून फिरवत त्यातलं पाणी काढून घेतात, मग झायलीन, आणि शेवटी साठ अंशांच्या आसपास वितळलेलं पॅराफिन मेण. मेणाची वडी थंड झाली की तिचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे आणि रंगवायचे. या वाटेवरचं अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून घेऊन जातात. मागे उरतो फक्त तिचा साचा. चरबी प्रत्यक्ष पाहायची असेल तर या वाटेला जायचंच नाही. तुकडा गोठवायचा, क्रायोस्टॅट या गोठवून काप काढणाऱ्या यंत्रात उणे वीस अंशांच्या आसपास काप घ्यायचे आणि ऑइल रेड ओ हा चरबीचा रंग लावायचा. मग तीच भोकं तांबड्या-नारिंगी थेंबांनी भरलेली दिसतात. ग्लायकोजेनची, म्हणजे पेशीत साठवलेल्या साखरेची, गोष्ट उलटी. तो पाण्यात जातो, म्हणून त्याच्या शोधात असाल तर तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवलेला बरा. यातलं काहीही नंतर सुधारता येत नाही. कसला साठा शोधायचा आहे हे सुई टोचण्याआधी ठरलेलं असावं लागतं आणि प्रयोगशाळेला आधी फोन गेलेला असावा लागतो.

पेशीत साठणाऱ्या गोष्टींचा विचार करताना ही भोकं मनातून जात नाहीत. आपल्याला दिसतो तो साठ्याचा आकार. आजार त्या आकारात नसतो. तो असतो एखाद्या बंद पडलेल्या दारात, आणि ते दार पुष्कळदा स्लाइडच्या चौकटीबाहेर असतं.

यकृताचंच उदाहरण पुढे नेऊ. यकृताच्या पेशीत चरबी तीन वाटांनी येते. अंगावरच्या मेदातून सुटून रक्तात आलेली मेदाम्लं, जेवणातलं तेल-तूप, आणि यकृताने साखरेपासून स्वतः बनवलेली चरबी. लठ्ठ माणसांच्या यकृतातली चरबी कुठून आली याचा माग काढल्यावर साधारण साठ टक्के वाटा पहिल्या वाटेचा निघाला, पाव हिस्सा साखरेपासून घरीच बनलेला, आणि थेट ताटातून आलेली चरबी सर्वांत कमी, पंधरा टक्क्यांच्या आसपास. घरोघरी तूप बंद होतं आणि चहातली साखर, बिस्किटं, शीतपेयं चालू राहतात, त्यांच्यासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. बाहेर जाण्याच्या वाटा दोनच. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्ट्यांत, जाळून टाकणं, किंवा अ‍ॅपोलायपोप्रोटीन बी नावाच्या प्रथिनात बांधून रक्तात रवाना करणं. आवक-जावकेचा मेळ चुकला की थेंब साचू लागतात. पाच टक्क्यांहून जास्त पेशींत थेंब दिसले की अहवालात स्टिअ‍ॅटोसिस लिहिलं जातं.

आता दोन यकृतं शेजारी ठेवा. एक भरपूर खाणाऱ्या, मधुमेही, पोट सुटलेल्या माणसाचं. दुसरं क्वाशिओरकोर झालेल्या दोन वर्षांच्या मुलाचं, ज्याचे पाय सुजलेत, केस तांबूस झालेत आणि ज्याला कित्येक महिने पुरेशी प्रथिनं मिळालेली नाहीत. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, या आजाराचं वर्णन केलं. नाव त्यांनी तिथल्या गा भाषेतून घेतलं, धाकटं भावंड आल्यावर अंगावरून सुटलेल्या मुलाला होणारा आजार अशा अर्थाचं. दोन्ही यकृतांच्या स्लाइडवर तीच पांढरी भोकं. पहिल्यात आवक मावत नाही. दुसऱ्यात चरबी बांधून पाठवायला लागणारं प्रथिनच पुरेसं बनत नाही आणि मायटोकॉन्ड्रियाही थकलेले असतात. दारूचं तिसरं. अल्कोहोल मोडताना पेशीतला रासायनिक तोल असा ढळतो की मेदाम्लं जाळण्याचं काम मागे पडतं. भोकं मोजून या तिघांत फरक करता येत नाही. रुग्णाला विचारावं लागतं, त्याचं ताट आणि घर समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे या हिशेबात आणखी एक गाठ आहे, आणि ती सोडवण्याचं बरंच काम पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. त्याआधी, २००३ मध्ये, पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना झाली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत आपली बाळं मागे, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्यांनी टिकवून ठेवलेली. ‘किरकोळ अंगाचा आहे, त्याला कसलं फॅटी लिव्हर’ हे घराघरांत बोललं जाणारं वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. चरबी ठेवायची सुरक्षित जागा कातडीखाली आहे. ती जागा लवकर भरली की पुढचा माल यकृतात आणि स्नायूंत उतरतो. आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात ती यामुळेच.

सोनोग्राफीच्या अहवालावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ वाचून कुणी हवालदिल होतं, कुणी कागद घडी करून ठेवून देतं. दोन्ही चूक. सोनोग्राफीला चरबी वीस-तीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच खात्रीने दिसते, आणि तिच्या ग्रेडवरून यकृत किती जून झालं, किती व्रण धरले, हे कळत नाही. ते कळण्याची पहिली पायरी घरच्या कागदांवर करता येते. तिचं नाव फिब-४. एएसटी आणि एएलटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. वयाला एएसटीने गुणायचं, आणि आलेल्या संख्येला प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने भागायचं. आपल्या अहवालांत प्लेटलेट लाखांत असतात, या सूत्रात त्या हजारांत घ्यायच्या, म्हणजे २.५ लाखांचे २५०. वय ५०, एएसटी ४०, एएलटी ४९, प्लेटलेट अडीच लाख असतील तर उत्तर १.१४. १.३ च्या खाली असेल तर व्रणांची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवं, मधलं असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही, आणि पासष्टीनंतर खालची रेषा २ धरतात.

साठा ओसरतो, हे मात्र नक्की. वजन पाच टक्क्यांनी उतरलं की चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी उतरलं की सूज, आणि दहाच्या पुढे टिकवलं तर व्रणही मागे हटू शकतात. ऐंशी किलोच्या माणसासाठी याचा अर्थ चार, सहा, आठ किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही चाल ठीक. कडक उपासांनी झपाट्याने वजन उतरवलं तर अंगावरचा मेद एकदम सुटून त्याच यकृतावर येऊन पडतो आणि सूज वाढू शकते. ज्याची जावक आधीच अडलेली आहे त्याच्या दारात ट्रक रिकामा करण्यासारखं ते आहे.

चरबीच्या प्रमाणावरून आजाराचं वजन ठरवू नये हे सर्वांत कठोरपणे शिकवतात ते बारीक थेंब. मोठ्या थेंबांचं यकृत वर्षानुवर्षं निमूट काम करत राहतं. पण कधी स्लाइडवर पेशी फेसाळ दिसते, थेंब इतके बारीक की साध्या कापात चुकूनही जावेत, केंद्रक मधोमध शाबूत, आणि रुग्ण मात्र बेशुद्धीच्या वाटेवर असतो. रेज सिंड्रोममध्ये असं होतं. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन दिल्याशी त्याचा संबंध लक्षात आला आणि १९८० च्या दशकात इशारे दिले गेल्यावर हा आजार फार विरळ झाला. मुलाच्या तापावर पॅरासिटामॉल द्यायचं आणि घरातली अ‍ॅस्पिरिनची पट्टी लांब ठेवायची, ती यासाठी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतही असं यकृत क्वचित होतं. सततची उलटी, वरच्या पोटात दुखणं, कावीळ, रक्तातली साखर घसरणं. सातव्या-आठव्या-नवव्या महिन्यात नव्याने सुरू झालेल्या उलट्यांना ‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नये. इथे उपाय एकच, बाळंतपण लवकर उरकणं. या आजारांत मायटोकॉन्ड्रियाच बंद पडलेले असतात. थेंब ही त्यांची खूण, आणि ती चिमूटभर असली तरी पुरे.

लोहाला तर बाहेर जायची वाटच नाही. प्रौढ शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम, आणि रोज झिजून जातं एक-दोन मिलिग्रॅम. तेवढंच अन्नातून येतं म्हणून हिशेब जुळतो. थॅलेसेमिया मेजर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि पूर्ण पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं. वीस पिशव्यांत शरीरातल्या एकूण लोहाइतकं लोह वरून आलं. ते आधी यकृतातल्या आणि पानथरीतल्या (प्लीहेतल्या) भक्षक पेशींत हिमोसिडेरिनच्या सोनेरी-तपकिरी कणांच्या रूपात बसतं. स्लाइडवर त्याची ओळख पटवण्याची रीत १८६७ पासूनची, मॅक्स पर्ल्स यांची. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लावलं की तपकिरी कण लख्ख निळे होतात. बांधलेलं लोह त्या मानाने शांत असतं. रक्तातलं लोह वाहून नेणारं प्रथिन पूर्ण भरलं की सुटं लोह हृदयात, स्वादुपिंडात, पिट्यूटरीत शिरतं आणि तिथल्या पेशी आतून जाळतं. या मुलांचं वाढणं खुंटतं, वयात येणं लांबतं, मधुमेह होतो, आणि दगा देतं ते बहुधा हृदय.

म्हणून दहा ते वीस पिशव्यांनंतर किंवा फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, हजाराच्या वर गेलं की लोह ओढून काढणारं औषध सुरू करावं लागतं. डेफेरासिरॉक्सची गोळी रोज तोंडाने घेता येते, पण मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन नियमित पाहायला हवं. डेफेरिप्रोन हृदयातलं लोह चांगलं काढतं, पण पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात. ते घेणाऱ्या मुलाला ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी करायची, उद्यावर टाकायची नाही. जुनं डेफेरॉक्सामिन आजही उपयोगी आहे, पण ते पोटाच्या कातडीखाली पंपाने रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावं लागतं. लेकराच्या पोटात रोज रात्री सुई टोचणाऱ्या आईच्या चिकाटीबद्दल वैद्यकाच्या पुस्तकांत ओळही नसते. आणि फेरिटिन ताप आला तरी वाढतं, म्हणून त्यावरच विसंबून चालत नाही. हृदयातलं लोह एमआरआयच्या टी-टू-स्टार आकड्यावरून कळतं. वीस मिलिसेकंदांच्या खाली लोह आहे, दहाच्या खाली धोका मोठा. उल्हासनगरसारख्या सिंधी वस्तीच्या गावांत लग्नाआधी हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी करण्याचा आग्रह धरला जातो त्यामागे एवढं सगळं आहे. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर म्हणजे बहुधा वाहक. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक.

सगळेच तपकिरी कण असे घातकी नसतात. म्हाताऱ्या हृदयाच्या पेशींत केंद्रकाच्या दोन्ही टोकांना लायपोफ्युसिन साचतं, आयुष्यभराच्या पचनातला न पचलेला गाळ. त्याला लोहाचा निळा रंग चढत नाही, आणि पेशीला त्याचा फारसा जाचही होत नाही. शहरात राहिलेल्या किंवा चुलीपुढे वर्षं काढलेल्या बाईच्या फुप्फुसातला काळा कोळसाही थोडा असेल तर भक्षक पेशी पोटात घेऊन गप्प बसतात.

न पचलेला गाळ म्हटलं की लायसोसोमकडे यावंच लागतं. बेल्जियमच्या ल्युवेनमध्ये ख्रिश्चियन द दुव्ह उंदराचं यकृत कुटून त्यातला एक एन्झाइम मोजत होते. १९४९ मध्ये त्यांना अपेक्षेच्या दहावा हिस्साच सापडला. नमुने फ्रिजमध्ये पाच दिवस पडून राहिले आणि पुन्हा मोजल्यावर एन्झाइम पुरेपूर भरला. म्हणजे तो कुठल्या तरी पिशवीत बंद होता आणि पिशवी झिरपल्यावर बाहेर आला. १९५५ मध्ये त्या पिशवीला लायसोसोम नाव मिळालं, १९७४ मध्ये द दुव्ह यांना नोबेल. पिशवीच्या आत आम्लता तीव्र, पीएच पाचाच्या आसपास, आणि साठाच्या आसपास एन्झाइम, प्रत्येकाचं तोडायचं एकेक ठरावीक काम. एक कामगार गैरहजर असला की त्याच्या टेबलावर फायली साचतात आणि दुसरा कुणी त्या उचलत नाही. द दुव्ह यांचे सहकारी हेर्स यांनी १९६३ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं ते पॉम्पे आजारात. १९३२ मध्ये योहानेस पॉम्पे या डच डॉक्टरांनी हृदय अवाढव्य वाढून गेलेल्या काही महिन्यांच्या मुलीत ग्लायकोजेनचा साठा पाहिला होता. कारण कळायला तीस वर्षं लागली, तोवर पॉम्पे स्वतः हयात नव्हते. नाझींविरुद्धच्या लढ्यात भाग घेतल्याबद्दल त्यांना एप्रिल १९४५ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

या घराण्यातला आपल्याकडे बऱ्यापैकी आढळणारा आणि सर्वांत जास्त हुकणारा आजार गोशे. १८८२ मध्ये फिलिप गोशे या पॅरिसमधल्या विद्यार्थ्याने प्रचंड पानथरीत मोठाल्या पेशी पाहिल्या आणि त्याला वाटलं, ही गाठ आहे. त्या पेशी म्हणजे आपल्याच भक्षक पेशी. तांबड्या पेशी एकशेवीस दिवस जगतात, आणि म्हाताऱ्या झालेल्या पेशी गिळण्याचं काम या भक्षकांचं. गिळलेल्या पेशींच्या पटलातला ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा मेद तोडणारा एन्झाइम अपुरा असला की तो मेद साचतो आणि पेशीद्रव चुरगळलेल्या रेशमी कापडासारखं दिसू लागतं. पानथरी कित्येक पट वाढते, पण त्या वाढलेल्या वजनात मेदाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत. बाकी सगळी भरती त्या थोड्याशा साठ्याने चेतवलेल्या सूजेची. पुन्हा तेच, किती साचलं याने काही ठरत नाही.

पोट पुढे आलेलं, रक्त कमी, प्लेटलेट कमी, सारखं नाक फुटणारं मूल आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात आलं की आधी मलेरिया, मग थॅलेसेमिया, मग रक्ताचा कर्करोग असा शोध चालतो. त्यात गैर काही नाही, ते आजार जास्त आहेत. चूक होते ती पुढे. निदान न करताच पानथरी काढली जाते. प्लेटलेट वाढतात, सगळे खूश होतात, आणि साठा मग हाडांकडे वळतो. मांडीच्या हाडाचा गुडघ्याकडचा भाग पसरट होतो, खुब्याचा गोळा मरतो. पानथरीला हात लावण्याआधी बीटा-ग्लुकोसिडेज एन्झाइमची तपासणी करायची, हा नियम प्रत्येक सर्जनच्या टेबलावर लिहिलेला असावा असं मला मनापासून वाटतं. ही तपासणी गाळणकागदावरच्या रक्ताच्या थेंबांवरही होते. वर्तुळ एकाच बाजूने पूर्ण भरायचं, कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचा, मगच पाकिटात घालायचा. ओला कागद प्लॅस्टिकमध्ये कोंडला किंवा उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की एन्झाइम मरतो आणि निरोगी मुलाला आजार चिकटतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर उलटी चूक होऊ शकते, म्हणून नमुना रक्त देण्याआधी घ्यायचा. आणि मुलाला डोकं न हलवता डावीकडून उजवीकडे बोटं बघायला सांगायचं. डोळे अडखळत असतील, त्याला मान झटकावी लागत असेल, तर मेंदूलाही झळ पोहोचली आहे. भारतीय रुग्णांत सर्वाधिक सापडणारा जनुकदोष, एल-४४४-पी, नेमका त्या प्रकाराशी जोडलेला आहे.

औषधाची कहाणी रॉस्को ब्रॅडी यांची. अमेरिकेत त्यांनी वारेतून हा एन्झाइम काढून रुग्णांना टोचला, पण तो भक्षक पेशींऐवजी यकृताच्या इतर पेशींत जाऊन बसला. मग त्याच्यावरच्या साखरेच्या साखळ्या छाटून त्यातली मॅनोज ही साखर उघडी केली गेली, कारण भक्षक पेशी मॅनोज ओळखून आत ओढतात. १९९१ मध्ये हे औषध मंजूर झालं, हजारो वारांमधून गोळा केलेलं. १९९४ पासून ते पेशीसंवर्धनातून बनतं. नेहमीचा डोस दर पंधरवड्याला किलोमागे ६० युनिट. पंधरा किलोच्या मुलाला ९०० युनिट, म्हणजे चारशेच्या सव्वादोन कुप्या, आणि उघडलेली तिसरी कुपी पुढच्या खेपेसाठी ठेवता येत नाही. वर्षाला सव्वीस खेपा, जन्मभर. पानथरी ओसरते, हिमोग्लोबिन चढतं, मूल शाळेत जाऊ लागतं. मेंदूत हे औषध पोहोचत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचं केईएम ज्यांपैकी एक आहे अशा उत्कृष्टता केंद्रांतून पन्नास लाखांपर्यंत मदत मिळते. ती मर्यादा रुग्णामागे एकदाची आहे, आणि मुलाचं वजन वाढतं तसा डोसही वाढतो. यावर धोरण आखणाऱ्यांनी थांबून विचार करायला हवा.

या आजाराचा जनुकदोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत रीतीचं आहे. आत्ये-मामेभावंडांत आठातला एक हिस्सा जनुकं सामाईक असतात. पहिलं मूल आजारी निघालं तर पुढच्या प्रत्येक खेपेला शक्यता चारात एक, आणि अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासता येतं. पण त्या तपासणीला पहिल्या मुलातला नेमका जनुकदोष माहीत असावा लागतो. मूल निदानाआधीच गेलं आणि काहीच राखून ठेवलं नसेल तर शोध आई-वडिलांच्या रक्तापासून नव्याने करावा लागतो, आणि तोवर आठवडे सरतात. अत्यवस्थ मुलाच्या घरच्यांना हे सुचणं शक्य नसतं, म्हणून ते वॉर्डातल्या डॉक्टरांनी करायचं: घरच्यांची संमती घेऊन जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, गाळणकागदावर काही थेंब, वर नाव आणि तारीख, आणि रक्तातला डीएनए वेगळा काढून उणे वीस अंशांवर.